थेल्माचा मैल

लेनर्डने अंगठ्याने बटण दाबून धरलं. स्पीडोमीटरच्या तबकडीवरचा काटा एकदा थरथरला आणि शून्यावर बसला. आता बरोबर एक मैल जायचं, थांबायचं, पुन्हा बटण दाबायचं. मधे चाक किती वेळा फिरलं ते यंत्र मोजून घेणार आणि तोच मैल कायमचा लक्षात ठेवणार.

समोर ड्रिंगच्या शेतातली जुनी धावपट्टी होती. लढाईच्या वेळी इथून विमानं उडायची, आता कडेला बीटचे ढीग लागतात. मागच्या आठवड्यात लेनर्डने अंतर मोजायचं चाक ढकलत तिच्यावर मैल मोजला होता. दोनदा, येताना आणि जाताना. दोन्ही मापांत चार बोटांचा फरक आला, म्हणून तिसऱ्यांदा मोजला. शेवटी गुडघ्यावर बसून पांढऱ्या रंगाची रेघ ओढली, तेव्हा रंगाचा डबा धरून त्याची बायको थेल्मा शेजारी उभी होती.

आज ती त्या टोकाला, रस्त्याच्या कामावर ठेवतात तसला नारिंगी शंकू घेऊन गेली होती, ड्रिंगच्या ट्रॅक्टरवर बसून. शंकू वाऱ्याने पडतो, कुणीतरी धरायला हवं, असं तिचंच म्हणणं. आणि रेघ लेनर्डला गाडीतून दिसली नसती. गेल्या हिवाळ्यापासून त्याच्या नजरेच्या मधोमध एक धुरकट डाग बसला होता. मोठं आणि भडक काही असलं तर कडेने दिसायचं, बारीकसारीक नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, ‘सप्टेंबरपर्यंत चालवा. मग परत बघू.’ परत बघू म्हणजे काय, ते दोघांनाही कळलं होतं.

नऊ वर्षं घरामागच्या शेडमध्ये तो ही दोन जणांची, बिनछपराची गाडी बांधत होता. शेडमधली दोरी गेली म्हणून थेल्माने नऊ वर्षं कपडे स्वयंपाकघरात वाळवले. आणि मे महिन्यात सरकारी तपासणीत गाडी नापास झाली. ब्रेक पास, दिवे पास, आरसे पास. खरा वेग पन्नास असताना काटा एकोणपन्नास दाखवत होता, एवढंच.

चूक त्याचीच. काटा जुळवला तो जुन्या, झिजलेल्या टायरांवर, आणि तपासणीला जाताना चढवले नवेकोरे. पाहुण्यांकडे जाताना पोराला नवे बूट घालावेत तसे. नवा टायर केसभर मोठा, एका फेरीत जास्त अंतर कापतो, आणि बिचाऱ्या यंत्राला त्याचा पत्ताच नाही.

तपासणीस भला माणूस होता. ‘कमी दाखवलेला चालत नाही,’ तो म्हणाला होता, ‘जास्त चालतो. दोन-तीन मैल जास्तच ठेवा की. सगळे तेच करतात.’

‘जास्त सांगणं हेही खोटंच,’ लेनर्ड म्हणाला होता. चाळीस वर्षं पंपाच्या कारखान्यात लेथवर काढलेला माणूस तो. ‘मी बरोब्बर ठेवीन.’

‘बरोब्बर ठेवलात आणि फेरतपासणीत काटा जरा हलला, तर पुन्हा नापास. त्यानंतरची तारीख थेट ऑक्टोबरात.’

घरी येताना थेल्मा बोटांवर महिने मोजत होती.

त्याने क्लच सोडला. गाडी धावपट्टीवर सरळ निघाली. शंकू हळूहळू मोठा झाला, त्याच्या बाजूला थेल्माचा निळा कोट. पुढचं चाक शंकूशी आलं तसा तो थांबला आणि त्याने बटण दाबलं.

‘झालं?’ थेल्माने विचारलं.

‘झालं. रेघेवरच आहे ना?’

‘बस आता, चहा गार होतोय.’ ती शेजारी चढून बसली. ‘ड्रिंग म्हणाला, शंकू राहू दे, नंतर ने कधीतरी.’

परतताना त्याने काटा चाळीसवर धरला. काटा मोठा होता, तो त्याला वाचता यायचा. थेल्माच्या हातात फोन होता, त्यावर उपग्रहावरून खरा वेग दिसत होता.

‘किती?’

थेल्माने फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

‘चाळीस,’ ती म्हणाली.

‘बघ,’ लेनर्ड म्हणाला. ‘खोटं बोलायची गरज नसते.’

फेरतपासणीत गाडी पास झाली. तपासणीसाने कागद हातात देऊन त्याची पाठ थोपटली. लेनर्डने घरी येऊन भिंग काढलं. कागदावर खऱ्या पस्तीसला काटा छत्तीस. पन्नासला साडेएक्कावन्न. सत्तरला बहात्तर. त्याने भिंग पुसून आकडे पुन्हा वाचले.

‘पास झालास ना?’ थेल्मा ओट्यापाशी होती. ‘मग असं सुतकी तोंड का?’

‘माझं माप चुकलं. हात गेला माझा, थेल्मा. डोळे तर गेलेच.’

ती पुन्हा बटाटे सोलायला लागली. सोलताना सालीबरोबर अर्धा बटाटा जात होता.

जूनच्या शेवटी नंबरप्लेट आली. पहिली फेरी ड्रिंगकडे, असं लेनर्डने आधीच ठरवलं होतं. त्या माणसाने धावपट्टी दिली, ट्रॅक्टर दिला, चहासुद्धा स्वतःचाच पाजला. थेल्माने मनुकांचा पाव भाजून फडक्यात गुंडाळला.

‘अरे, याची काय गरज होती,’ ड्रिंग म्हणाला आणि पाव घट्ट काखेत धरला. ‘तुझा शंकू तेवढा घेऊन जा, लेन. मी त्याला हातही लावलेला नाही.’ हे म्हणताना त्याने थेल्माकडे पाहिलं आणि मग बीटच्या रानाकडे.

शंकू जागच्या जागी होता, बुडाला गवत उगवलेलं. लेनर्ड उतरला. खाली वाकला, बुटाने गवत सारलं. रेघ नव्हती. मान तिरकी करून कडेच्या नजरेने तो पुढे चालत गेला. पांढरी रेघ सापडली तेव्हा शंकू बराच मागे राहिला होता. त्याने वळून पावलं मोजली. लहान पावलं टाकून मोजली, थेल्मा टाकते तशी. साठ भरली.

थेल्मा गाडीतच बसून होती, मांडीवर हात घट्ट धरून.

‘साठ,’ तो म्हणाला.

‘साठच. रेघेपासून मागे पन्नास टाकली होती, मग म्हटलं आणखी दहा.’

‘आणि फोनवर?’

‘एकोणचाळीस.’ तिचा आवाज बारीक झाला. ‘लग्नानंतरचं पहिलं खोटं, लेनर्ड.’

तो गाडीच्या दाराला टेकून उभा राहिला. माप चुकलं नव्हतं, यंत्राने लक्षात ठेवलेला मैलच साठ पावलं आखूड होता. रेघ होती तिथेच होती. त्याला रडू येईल असं वाटलं, आणि थोडं आलंही.

‘थँक्यू,’ तो म्हणाला. ‘मी जन्मात केलं नसतं हे.’

‘ते ठाऊक होतं म्हणून तर.’

त्याने नाक पुसलं, आत बसला आणि तबकडीच्या खालच्या आकड्यावर बोट ठेवलं, जिथे आजवर धावलेले मैल दिसतात.

‘हेही त्याच मापाने मोजतं, कळलं ना? शंभर मैल धावली की एकशेतीन दाखवणार. जवळजवळ तीन मैल जास्त.’

‘असू देत,’ थेल्मा म्हणाली. ‘सप्टेंबर काही लांब नाही.’

नव्याने जुळवायचं तर पाच मिनिटांचं काम होतं. बटण लेनर्डच्या अंगठ्याशीच होतं. त्याने हात तिथून काढून गिअरवर ठेवला.

‘समुद्राकडून जाऊ या का?’ त्याने विचारलं. ‘लांब पडेल.’

‘पडू दे,’ ती म्हणाली, आणि तिने डोक्याचा रुमाल घट्ट बांधला.