हात रिकामे होते

शेडमध्ये खुर्च्या एकशे चाळीस होत्या, भरलेल्या सत्त्याण्णव. मैत्रेयीनं पुन्हा मोजून पाहिलं, तेवढ्याच. मंचावर सात कवी, एक माइक आणि बियाण्यांच्या दुकानदाराचा भलामोठा फलक. दारव्ह्याच्या या जिनिंग कारखान्यात दोन हंगाम कापूस आलाच नव्हता, म्हणून कविसंमेलनाला जागा मिळाली होती.

"किती?" शेजारून वडिलांनी विचारलं.

"सत्त्याण्णव. कायले मोजाले लावता, बाबा?"

"एवढ्याईतला एखादा तं म्हणन, पंजाबराव, तू हवालदार नाही, खुनी होय."

फौजेतल्या त्या दुपारीबद्दल एकोणीस वर्षांत घरी ते दोनदाच बोलले होते. आजच्या कवितेच्या आठ ओळी लिहायला त्यांना चार महिने लागले होते.

सूत्रसंचालक श्रीकृष्ण सरांनी नाव पुकारलं. "आता आपल्या तालुक्याचा वाघ!"

पंजाबरावांनी माइकसमोर चष्मा लावलाच नाही. गाव, दुपार, विहीर एवढं सांगून झालं. मग त्यांनी कागद खाली केला.

"दोन्ही हात वर करून आला तो पोरगा.
हात रिकामे होते. मी पाहिले.
मग गोळी घातली."

मागून शिटी आली.

"वन्स मोअर!"

"असंच पायजे! सोडूच नोका दुश्मनाले!"

पंजाबराव त्या माणसाकडे बघत राहिले.

"भाऊ, त्याचे हात रिकामे होते," ते माइकमध्ये म्हणाले.

"वा! तीच ओळ परत," सर म्हणाले. "रसिकांचा आग्रह आहे, हवालदारसाहेब."

त्यांनी ती परत म्हटली, एकेक शब्द सुटा करत. टाळ्या वाढल्या. तिसऱ्यांदा म्हणताना त्यांनी स्वतःचेच दोन्ही हात वर धरले. लोक उभे राहिले. कुणीतरी जयजयकार सुरू केला आणि तो बराच वेळ चालला.

ते खाली आले तेव्हा खांद्यावर शाल होती. मागोमाग सर आले.

"सव्वीस जानेवारीले उमरखेडला हीच कविता, काका. मोठं मैदान आहे तिथं. अन् ते हात वर करणं ठेवा बरं का, लय भारी झालं!"

सर गेले. पंजाबराव खुर्चीत बसले. शाल घसरून फरशीवर पडली. ती त्यांनी उचलली नाही.

"म्या काय वाचलं, तू आयकलं ना?"

"आयकलं, बाबा."

मैत्रेयीनं त्यांचं मनगट हातात घेतलं. घड्याळावर नजर ठेवून पूर्ण साठ सेकंद ठोके मोजले.

एकशे अठ्ठावीस.