फळ्यावर कोणता शब्द लिहायचा?

मी चिखलीच्या चौकातला एक जुना वार्ताफलक आहे. एका कंपनीत मोठं मशीन आलं होतं. त्याच्या लाकडी पेटीच्या फळ्या जोडून भिमाजी सुतारांनी मला घडवलं. पाणी कधी येणार, कुणाचं निधन झालं, सगळं आधी माझ्यावर उमटायचं. लोक सायकली थांबवून वाचायचे. पुढे हाताहातात फोन आले आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सनी माझं तोंड झाकलं. तरी माझी देखभाल करणाऱ्या कुसुमताई रोज सकाळी फ्लेक्स बाजूला सारून चार ओळी लिहितातच.

मित्रांनो, परवाची सकाळ आठवली की अजून धडकी भरते. आदल्या संध्याकाळी महामार्गावर सरकारविरुद्ध मोर्चा निघाला होता. त्यात दगड, लाठ्या, जाळपोळ, सगळंच झालं. ताईंनी खडू उचलला तोच अर्जुनराव आले. त्यांच्या भाच्याची बस जळाली होती.

"ताई, दंगलखोरांचा धुडगूस, असं लिवा!"

"दंगल न्हाई, क्रांती लिवा!" मोर्चातून परतलेला रणजीत ओरडला. "न्हाईतर फळाच फोडतो."

माणसं दोन बाजूंना उभी राहू लागली. ताई खडू धरून माझ्यासमोर उभ्या होत्या आणि मला तर पळताही येत नव्हतं.

तेवढ्यात चतुराबाई आल्या, अनवाणीच. संघर्ष नावाचा त्यांचा मुलगा मोर्चाला गेला तो परतला नव्हता.

"ताई, फोन बंद हाय त्याचा. काही कळलंय का?"

ताई माझ्याकडे वळल्या. त्यांनी लिहिलं, 'काल महामार्गावर मोर्चा निघाला. दगडफेक आणि लाठीमार झाला. एक बस जळाली. चतुराबाईंचा मुलगा संघर्ष घरी आलेला नाही. कुणी पाहिलं असल्यास सांगावं.'

"ह्यात आमची बाजू कुठं हाय?" रणजीत पुटपुटला. पण चतुराबाई मला टेकून बसल्या होत्या. फळा फोडायला कुणाचा हात उठला नाही.

दुपारी टेम्पोवाल्या शेखरने मला वाचलं, पुन्हा वाचलं. मग तो चतुराबाईंपाशी वाकला.

"मावशी, चाकणच्या दवाखान्यात हाय त्यो. पाय मोडलाय, पण शुद्धीवर हाय. मीच नेला टेम्पोतून. फळ्यावर दंगलखोर लिहिलं असतं, तर मलाबी त्यातलाच धरतील या भीतीनं तोंड उघडलं नसतं मी."

चतुराबाई तशाच त्याच्या टेम्पोत चढल्या.

मित्रांनो, मला रंग द्या, फ्लेक्स काढा, ते तर हवंच. पण खडू हाती घ्याल तेव्हा एवढं करा. ज्याच्याविषयी लिहिताय, त्याची आई वाचायला येणार आहे असं समजून लिहा.