उरलेला काळा रंग

गच्चीला पांढरा रंग देणं हा त्याचा धंदा आणि बडबड हा जोडधंदा. "पांढऱ्यावरून ऊन परत जातं, काळं सगळं पोटात घेतं," हे तो झोपेतसुद्धा म्हणेल, असं बायको चिडवायची. गिऱ्हाइकाकडे गेला की तो पत्र्याची दोन झाकणं उन्हात ठेवी, एक काळं, एक पांढरं, दोन्हींत सारखंच पाणी. दुपारपर्यंत काळं कोरडं ठणठणीत, पांढऱ्यात अजून पाणी. मग गिऱ्हाईक मुकाट्यानं कामाला हो म्हणे.

त्याच्या स्वतःच्या गच्चीवर मात्र बाबांचं राज्य होतं. आई गेल्यापासून त्यांनी चुना फासलेल्या जुन्या डब्यांत टोमॅटोची रोपं लावली होती. सकाळी झारीनं पाणी घालायचे आणि मग रोपांशी गप्पा. उन्हाळ्याच्या तोंडावर कुणाच्या तरी फाटकाचा काळा तेलरंग उरला. फुकट कशाला घालवायचा, म्हणून यानं सगळे डबे चकाचक काळे करून टाकले. बाबा म्हणाले, "बरे दिसतात."

थोड्याच दिवसांत रोपांनी माना टाकल्या.

"बाबा, पाणी घातलं नाहीत?"

"घातलं की रे."

"मग माती काय खोटं बोलते?"

पुन्हा तेच झालं, तेव्हा शेजारी ऐकत असताना तो कडाडला, "तुमच्या डोक्याचा आता भरवसा राहिला नाही. द्या ती झारी इकडे!" बाबांनी झारी दिली. त्यानंतर ते प्रत्येक गोष्ट विचारू लागले. गॅस बंद केलाय ना, बघ बरं. कडी लावली का मी? एकटे बाहेर जायचेही थांबले. सून सकाळ-संध्याकाळ दोनदा पाणी घालू लागली, रोपं सावरली, आणि याला वाटलं, बघा, आपलंच खरं ठरलं.

आज एका घरमालकीणबाईंच्या गच्चीवर झाकणांचा खेळ झाला. बाई वाकून बघत म्हणाल्या, "म्हणजे काळ्या कुंडीतलं रोप तर तहानेनंच मरेल की हो!"

"मरेलच! कोण शहाणा काळ्या कुंडीत..." तो हसत म्हणाला आणि त्याला घरच्या गच्चीवरचे काळे डबे आठवले. कानशिलं तापली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. लाजेनं त्याला बाईंकडे मान वर करून बघवेना. उरलेलं काम त्यानं कसंबसं उरकलं आणि झाकणं पिशवीत घातली.

घरी येऊन तो बाबांच्या खुर्चीपाशी उकिडवा बसला. "बाबा, चूक माझी होती. डबे मी काळे केले, म्हणून माती वाळायची. तुम्ही रोज पाणी घालत होता." झाकणंही दाखवली, सगळं समजावून सांगितलं.

बाबांनी नीट ऐकून घेतलं आणि त्याच्या खांद्यावर थोपटलं. "असू दे रे. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून बोलावंच लागतं काहीतरी."

"नाही हो, खरंच सांगतोय. तुमची शपथ!"

त्यानं झारी आणून त्यांच्या हातात दिली. बाबांनी ती नळाखाली भरली, गच्चीच्या दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

"तूही येतोस का जरा?" ते हळूच म्हणाले. "मी घातलं, एवढं बघायला."