तीन दिवसांची दाढी

मामा प्रशिक्षण केंद्राच्या दारात येऊन उभे राहिले तेव्हा अकराला दहा मिनिटं कमी होती आणि त्यांच्या तोंडावर एकही केस नव्हता.

"कसा दिसतोय?" त्यांनी विचारलं.

गेले आठ दिवस मी या माणसाची दाढी वाढवत होतो. त्यांचं दाढीचं सामान पिठाच्या डब्यात लपवलं होतं. रोज सकाळी गालावरून हात फिरवून वाढ तपासत होतो. ताई म्हणालीसुद्धा, की एवढं लक्ष कुंड्यांकडे दिलं असतंस तर घरात एखादं फूल आलं असतं.

"मामा, दाढी कुठाय?"

"केली. शेजाऱ्यांकडून मागून आणलं सामान. अरे छोट्या, तुझी परीक्षा, चार मोठी माणसं असणार, तिथे काय भिकाऱ्यासारखा येऊ?"

घरात मला छोट्या म्हणतात, कारण मी सगळ्यांत धाकटा. उंचीने मी सगळ्यांत मोठा आहे, पण त्याची कोणी दखल घेतलेली नाही.

आमची परीक्षा साधी होती. प्रत्येक उमेदवाराने आपापला एक चेहरा आणायचा, त्यावर किमान तीन दिवसांची दाढी हवी आणि ती वीस मिनिटांत वस्तऱ्याने काढायची. एक चेहरा एकदाच वापरायचा. रक्त दिसलं की नापास.

आणि नापास म्हणजे कायमचं. बेरोजगारांसाठीच्या या योजनेत एका माणसाला आयुष्यात तीनच कोर्स मिळतात. माझा पहिला टाइपरायटर दुरुस्तीचा होता. तो मी पहिल्या नंबराने पास झालो, पण तोवर शहरातला शेवटचा टाइपरायटर एका हॉटेलात शोभेसाठी ठेवला गेला होता. मी तिथे जाऊन चौकशी केली. ते म्हणाले, चालत नाही तेच बरंय. दुसरा कोंबडीपालनाचा. पिसं नाकाजवळ आली की मला शिंका येतात, हे मला तिथे कळलं आणि कोंबड्यांनाही कळलं. हा तिसरा. इस्पितळासमोरच्या सलूनवाल्याने एक खुर्ची माझ्यासाठी अडवून ठेवली होती, पण प्रमाणपत्राशिवाय तो कोणाला वस्तरा हातात देत नाही. एरवी या अटीचं मी कौतुकच केलं असतं.

मास्तर आले. आम्हाला तीन महिने शिकवणारा, कधीही आवाज न चढवणारा माणूस. पहिले दोन महिने आम्ही फुग्यांची दाढी केली होती. फुग्याला फेस लावायचा आणि वस्तऱ्याने उतरवायचा. फुगा फुटला की मास्तर शांतपणे म्हणायचे, "याला दोन मुलं होती." माझे एकेचाळीस फुटले होते. म्हणजे ब्याऐंशी मुलं.

मास्तरांनी मामांच्या गालावरून हात फिरवला. उलटाही फिरवला.

"सुरेख केलीय," ते म्हणाले. "यांनी कुठे कोर्स केला?"

"घरीच शिकलो," मामा लाजत म्हणाले.

आत चौथ्या उमेदवाराचं चाललं होतं. पाचवा मी. उरलेल्या सगळ्या चेहऱ्यांवरून वस्तरा फिरून झाला होता आणि ते भिंतीपाशी ओळीने चकचकीत बसले होते. मी बाहेर पळालो. रस्त्यात तीन माणसं होती. एक पोलीस, एक शाळकरी मुलगी आणि एक गुळगुळीत गृहस्थ, ज्यांनी माझी नजर पाहून रस्ता ओलांडला. परत आलो तेव्हा माझं नाव पुकारलं गेलं होतं.

"चेहरा?" परीक्षकांनी विचारलं.

ते बाहेरगावचे, पन्नाशीचे गृहस्थ. जाड चष्मा, मांडीवर नियमांची पुस्तिका. सकाळपासून त्यांच्या तोंडून पुस्तिकेत नसलेला शब्द क्वचितच आला होता.

मी मामांना पुढे केलं. परीक्षकांनी पाहिलं आणि पेन उघडलं. चेहरा गैरहजर, एवढं लिहायला किती वेळ लागतो, ते मी मोजत होतो. तेवढ्यात मामा बोलले.

"साहेब, तुमची वाढलीय की."

आमच्या बॅचमध्ये एक तुरटी आहे, सगळं झाल्यावर येतो म्हणून ते नाव. तो नेमका त्याच क्षणी दारातून आत आला आणि परिस्थिती पाहून आल्या पावली परत जाऊ लागला.

पण खरंच वाढली होती. चार दिवस चार केंद्रांवर दुसऱ्यांनी केलेल्या दाढ्या तपासत फिरणाऱ्या माणसाला स्वतःची करायला फुरसत मिळाली नव्हती. परीक्षकांनी हनुवटीला हात लावला. मग पुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला घेतली. आम्ही सगळे उभे. मागच्या नळातून बादलीत पडणारं पाणी ऐकू येत होतं.

"परीक्षकाचा चेहरा चालणार नाही," ते अखेर म्हणाले, "असं कुठे लिहिलेलं नाही."

त्यांनी चष्मा काढून मामांच्या हातात दिला आणि खुर्चीत बसले. "वेळ सुरू."

मी हात धुतले, नवं ब्लेड लावलं, पांढरं कापड त्यांच्या गळ्याभोवती बांधलं. मामांना वाटलं, आपणही काहीतरी करावं. "साहेब, पोटात काही आहे का? रिकाम्या पोटी चक्कर येते," असं म्हणत त्यांनी खिशातून दोन कोरडी बिस्किटं काढली. परीक्षक पहाटेपासून उपाशी असावेत. मी टॉवेल गरम पाण्यातून पिळेपर्यंत दोन्ही संपली होती.

टॉवेल, फेस, सरळ हात. उजवा गाल अडीच मिनिटांत उतरला. हात माझा मलाच ओळखू येईना, इतका स्थिर होता. डावा गालही झाला. वरचा ओठ झाला. आठ मिनिटं गेली होती. मी त्यांचं डोकं मागे टेकवलं, गळ्यावर आलो, वस्तरा टेकवला आणि परीक्षकांना उचकी आली.

वस्तरा मी वेळेवर उचलला. वेळेवर म्हणजे काय, उचकी आधी आली आणि नशीब नंतर.

"चालू ठेवा," परीक्षक म्हणाले आणि त्यांना दुसरी आली.

"साहेब, कोणीतरी आठवण काढतंय तुमची," मामा म्हणाले.

"मागच्या केंद्रावरची नापास मुलं असतील," तुरटी म्हणाला.

पाणी दिलं. श्वास कोंडून झाला. मास्तरांनी पाठीवर थोपटलं. उचकी काही थांबेना. घड्याळात तेरा मिनिटं झाली होती आणि गळा पूर्ण बाकी होता.

"थांबलो तर?" मी विचारलं.

"अपूर्ण," परीक्षक म्हणाले. उचकी. "अपूर्ण म्हणजे नापास."

"आणि चालू ठेवलं तर?"

तो प्रश्न आता त्यांचाही होता.

मग माझ्या लक्षात आलं, की दोन उचक्यांमध्ये सात आकडे मोजता येतात. मी ओठातल्या ओठात मोजलं. बरोबर सात. उचकी आली, की एक ते पाच एवढ्यात एक हात मारायचा, सहाला वस्तरा वर, सातला वाट बघायची. पहिला हात नीट गेला. दुसराही. मामा मोठ्याने मोजू लागले. मग तुरटी. मग भिंतीपाशी बसलेले चारही चकचकीत चेहरे. सगळी खोली एका सुरात माझ्या आयुष्याचे आकडे म्हणत होती आणि दर सातला परीक्षक "हिक्" करून त्यांना दुजोरा देत होते.

सतरा मिनिटं. कंठाच्या बाजूला बोटभर पट्टा उरला. फक्त तेवढाच.

"...पाच, सहा, सात."

उचकी आली नाही.

"आठ," मामा हळूच म्हणाले. "नऊ."

खोली वाट बघत होती. परीक्षकांनी डोळे मिटले होते. मी वस्तरा हवेत धरून उभा. उचकी कायमची गेली, का उशिराने निघालीय, हे कोणालाच माहीत नव्हतं. ती येत होती तोवर तिच्याशी जमत होतं. आता तिचा काही भरवसाच उरला नव्हता. वीस झाले. तीस झाले. मामांचं मोजणं थांबलं.

"अठरा मिनिटं," मास्तर म्हणाले. आणि मग, जणू दुसऱ्याच कोणाला सांगताहेत असं, "वस्तरा उजव्या हातात असतो. दाढी डावा हात करतो."

हे ते रोज सांगायचे. मी रोज मान हलवायचो. आता मी डावा अंगठा पट्ट्याच्या खाली टेकवून कातडं ताणलं आणि पहिल्यांदाच त्या अंगठ्याचं ऐकलं. खाली नाडी होती. श्वास होता. परीक्षकांना मुलं किती, हे मला माहीत नव्हतं आणि ते मला माहीत करून घ्यायचंही नव्हतं.

मी वस्तरा टेकवला. सावकाश खाली आणला. अर्धा पट्टा गेला, पाऊण गेला, आणि अंगठ्याखाली काहीतरी आवळलं. आवाज अजून व्हायचा होता. वस्तरा उचलेपर्यंत गळा वर उसळला असता. मी अंगठा मध्ये सरकवला.

"हिक्," परीक्षक म्हणाले.

मी हात बाजूला घेतले. त्यांच्या गळ्याकडे पाहिलं. गळा साफ होता, धारेखालून सुटलेले पाच-सहा केस सोडले तर. डावा हात पाठीमागे धरून मी तेवढे केस काढले, ओल्या टॉवेलने फेस पुसला आणि म्हणालो, "झालं."

"एकोणीस मिनिटं, चाळीस सेकंद," मास्तर म्हणाले.

कोणी टाळी वाजवली नाही, कारण सगळ्यांचं लक्ष कापडाकडे होतं. परीक्षकांच्या छातीवर, पांढऱ्या कापडावर, बटणाएवढा लाल डाग होता. माझा अंगठा हात मागे नेण्याआधीच ठिबकला होता.

"छातीवर काय पडलं?" परीक्षकांनी विचारलं. "कोमट लागलं काहीतरी."

फेस म्हणता आलं असतं. गरम पाणी म्हणता आलं असतं.

"रक्त," मी म्हणालो.

ते ताठ बसले. गळ्यावरून हात फिरवला, बोटं डोळ्यांजवळ नेली. "कोणाचं?"

"माझं. तुमची उचकी आली तेव्हा अंगठा मध्ये होता."

"होता, की घातलात?"

"घातला."

त्यांनी बोटं कापडाला पुसली. मग मास्तरांकडे वळले. "नियम काय आहे?"

मास्तरांचा आवाज पहिल्यांदाच थोडा खाली गेला. "रक्त दिसल्यास अनुत्तीर्ण."

"कोणाचं, ते लिहिलंय?"

"नाही."

"हं," परीक्षक म्हणाले. म्हणजे पुस्तिका माझ्या बाजूची नव्हती. त्यांनी मान खाली घालून कापडाकडे पाहिलं. डोळे बारीक केले. डाग त्यांच्या नाकापासून वीतभर होता. "फॉर्म द्या."

मामा लगबगीने पुढे झाले. "साहेब, तुमचा चष्मा."

"असू द्या."

"अहो, पण तुम्हाला दिसणार कसं?"

"असू द्या म्हटलं ना."

"घ्या हो, मी पुसून ठेवलाय, एकदम स्वच्छ..."

"मामा," मी म्हणालो. आयुष्यात मी त्यांच्याशी इतक्या खालच्या आवाजात कधी बोललो नव्हतो. "चष्मा मागे घ्या."

मामा चष्मा छातीशी धरून भिंतीला टेकले.

परीक्षकांनी नाक कागदाला टेकेल इतकं वाकून फॉर्म भरला. "रक्त दिसले का?" या रकान्याशी ते थांबले. पुन्हा कापडाकडे पाहिलं. मला नळाचं पाणी ऐकू आलं आणि माझा श्वास ऐकू आला नाही. मग त्यांनी लिहिलं, "मला नाही." खाली चेहऱ्याची सही म्हणून सही केली, शेरा लिहिला, "समाधानी." त्याच्या शेजारी परीक्षकाची सही म्हणून तीच सही केली आणि दोन्ही सह्या जुळतात का, ते बोट ठेवून तपासलं.

"उत्तीर्ण," ते म्हणाले. "हजेरी करून जा."

आमच्याकडे येताना आणि जाताना रजिस्टरमध्ये डाव्या अंगठ्याचा ठसा द्यावा लागतो. सही चालत नाही, कारण पहिल्या बॅचमध्ये एकाने एकट्याने अकरा जणांच्या सह्या केल्या होत्या. तो आता चांगल्या नोकरीला आहे म्हणतात. जातानाचा ठसा नसला, की तो दिवस धरत नाहीत, आणि दिवस धरला नाही तर परीक्षाही नाही.

मास्तरांनी शाईचं पॅड पुढे सरकवलं. मी अंगठ्याभोवतीचा रुमाल सोडला.

"पॅड राहू द्या," मी म्हणालो आणि ठसा दिला. तो सकाळच्या ठशापेक्षा चांगला उठला.

"आता आणा चष्मा," परीक्षक मामांना म्हणाले. त्यांनी तो लावला, आरशात स्वतःला पाहिलं, गळ्यावरून हात फिरवला, उलटाही फिरवला. मग रजिस्टरमधल्या माझ्या ओळीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि त्यांना उचकी आली. मग त्यांनी रजिस्टर मिटलं.