शेवटच्या पानापर्यंत

मी वाचनालयाच्या बालविभागातलं बुटकं स्टूल बोलतंय. सुतारानं जुन्या दाराच्या फळीतून मला घडवलं. पाय आखूड कापले गेले म्हणून तो हळहळला. पण ग्रंथपाल बाई मला पाहून हरखल्या. "अगदी मुलांच्या उंचीचं झालंय!"

बाईंचा एक नेम होता. नवं पुस्तक आलं की माझ्यावर बसून ते शेवटच्या पानापर्यंत वाचायचं, मगच मुलांच्या कपाटात ठेवायचं. शिपाईकाका चिडवायचे, "बाई, पोरांच्या गोष्टी पोरं वाचतील. तुम्ही कशाला डोळे फोडून घेता?"

"काका, नातवाला औषध पाजताना बाटलीवरचं वाचता ना?"

काका हसत झाडू उचलून चालू लागायचे.

बाई पुस्तकांच्या जोड्याही लावत. एक रचलेली गोष्ट आणि एक त्याच काळचा इतिहास, दोन्ही सुतळीनं बांधून द्यायच्या. "गोष्टीनं जीव लागतो, इतिहासानं पाय जमिनीवर राहतात," म्हणायच्या. माझ्यावर बसून दातांनी ती गाठ सोडणारी किती मुलं मी पाहिली!

त्यातलीच एक चिमणी. गोष्टींवर तुटून पडायची, पण इतिहास म्हटला की नाक मुरडायची. "त्यात सगळे मेलेलेच असतात!"

बाईंनी हार मानली नाही. जहाजात लपलेल्या मुलीची गोष्ट तिच्यासाठी काढली. मुलगी आणि तिची मांजर वादळातून किनाऱ्याला लागतात, अशी. जोडीला त्याच जहाजाचा इतिहास. पण त्या आठवड्यात बाईंचे डोळे आले होते. इतिहासाची शेवटची वीस पानं राहिली होती आणि चिमणी दारात ताटकळत होती. बाईंचा नेम तेवढा एकदाच मोडला.

तिसऱ्या दिवशी चिमणीनं ती जोडी माझ्यावर आदळली. डोळे सुजलेले.

"तुम्ही फसवलंत. जहाज बुडालं! शेवटी नावांची यादी आहे. त्यात एक मुलगी नऊ वर्षांची आहे, माझ्याएवढी. मला आता कुठलंच पुस्तक नको."

बाई तिच्यासमोर फरशीवर बसल्या. सबब सांगितली नाही.

"चूक माझी, बाळा. ती पानं मी वाचलीच नव्हती. वाचली असती, तर तुझ्याजवळ बसून दिली असती."

चिमणीनं बाहीला नाक पुसलं. "मग खरी कोण?"

"यादीतली."

"मग दुसरी रचलीच कशाला?"

बाईंनी गोष्टीचं पुस्तक हातात घेतलं. "लिहिणाऱ्यानंही ती यादी वाचली असेल गं. त्याला ते पान मिटवेना. म्हणून निदान एकीला तरी त्यानं किनाऱ्यावर पोचवलं."

चिमणीनं सुतळी बोटाला गुंडाळली. मग इतिहासाचं पुस्तक उचलून माझ्यावर बसली.

"तुम्हाला दिसत नाहीये ना? ऐका."

आणि ती यादीतलं एकेक नाव मोठ्यानं वाचू लागली. बाईंचे हात आपसूक जोडले गेले. शिपाईकाकाही हातातला झाडू भिंतीला टेकवून उभे राहिले.

आता माझा एक पाय डुगडुगतो, खाली पुठ्ठ्याची घडी आहे. बाईंचे डोळे बरे झाले, पण नव्या पुस्तकाची शेवटची पानं शाळा सुटल्यावर चिमणीच वाचून दाखवते. कधी म्हणते, "हे नुसतं द्यायचं नाही हं बाई, जवळ बसून द्यायचं." मग दोघी मिळून गाठ मारतात.

मुलांच्या हाती पुस्तक देणाऱ्यांनो, आधी घटकाभर टेका आणि ते शेवटपर्यंत वाचा. मी डुगडुगतं खरं. पण वाचणाऱ्याला अजून कधी पाडलेलं नाही.