पुसलेला शेवट

मी एक व्हिडिओ कॅसेट. हो, तीच ती, काळी, जाडजूड, जिला बघून हल्लीची पोरं विचारतात, "हे काय असतं?" माझं वय विचारू नका. एका चष्म्याच्या दुकानात, फ्रेमच्या कपाटात सगळ्यात खालच्या फळीवर माझा मुक्काम आहे. आज मला जरा स्पष्ट बोलायचंय. सिनेमाचे शौकीन म्हणवता ना स्वतःला? मग ऐकाच.

कारखान्यातून मी कोरी निघाले. भाड्याने कॅसेटी देणाऱ्या एका दुकानदाराने माझ्या पोटात एक जुना काळा-पांढरा सिनेमा भरला. नाव सांगणार नाही. सांगितलं की लगेच मोबाईलवर शोधत बसाल, आणि तो तिथे नाहीये. गोष्ट साधी आहे. नदीवर होडी चालवणारी एक बाई. त्याच नदीवर पूल बांधला जातोय आणि त्या कामावर मुकादम कोण, तर तिचाच सख्खा भाऊ. पूल झाला की होडी बंद. थिएटरात हा सिनेमा आठवडाभरसुद्धा टिकला नव्हता. भाड्याच्या दुकानातही मला कुणी हात लावत नसे. पुढे ते दुकान उठलं आणि आमच्या बाईंनी मला उचलून घरी आणलं.

आमच्या बाई म्हणजे या चष्म्याच्या दुकानाच्या मालकीण. लग्न ठरल्यावर यजमानांबरोबर पाहिलेला हा त्यांचा पहिला सिनेमा. थिएटरात मोजून चार डोकी. शेवटाला यजमानांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मगच त्यांना आपण मनापासून पसंत केलं, असं बाई अजून सांगतात. मला आणल्या आणल्या त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर माझ्या कडेची प्लास्टिकची कपची तोडून टाकली. ती तोडली की माझ्यावर दुसरं काही भरता येत नाही.

पण घरात माणसं असतात ना! एकदा दोघं मला बघत होते आणि शेवट यायच्या आत दार वाजलं. पाहुणे आले, मी यंत्रात तशीच राहिले. दुसऱ्या दिवशी बाई दुकानात होत्या. यजमानांना फुटबॉलचा सामना भरून ठेवायचा होता. घाईघाईत ते रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबायला गेले, ते काही दबेना. आत कुठली कॅसेट आहे ते न बघताच त्यांनी तुटक्या कपचीच्या जागी चिकटपट्टी लावली. झालं! माझा शेवट पुसला गेला. मागाहून लक्षात आलं तेव्हा बिचाऱ्यांनी कपाळावर हात मारून घेतला. बायकोला सांगायचा धीर होईना. दुसरी प्रत मिळते का म्हणून गावभर हिंडले, पण कुठे मिळाली नाही. बाईंनी मला लावायचं म्हटलं की काहीतरी निमित्त काढून टाळायचे. "सांगतो सावकाश," असं मला हातात धरून म्हणायचे. त्यांचं ते सांगणं राहूनच गेलं आणि एक दिवस ते गेले.

त्यानंतर बाईंनी मला स्वतःसाठी कधी लावलं नाही. बघायचा तो दोघांनी, असा त्यांचा नियम होता. मात्र मला गावभर बघायला द्यायचं त्यांनी सोडलं नाही. गिऱ्हाईक नवा चष्मा घेऊन निघालं की म्हणायच्या, "डोळ्यांना नंबर दिलाय, आता जरा कामही द्या. हा सिनेमा न्या. आणि शेवट चुकवू नका हं!"

आणि माणसं काय थापा मारतात हो! बाईंची धाकटी बहीण मला घेऊन गेली आणि अर्ध्या तासात चक्क घोरायला लागली. परत देताना म्हणाली, "ताई, शेवटाला मी ढसाढसा रडले." शेजारच्या औषधवाल्याने पुलाचं काम सुरू व्हायच्या आतच मला बंद केलं होतं. तो म्हणाला, "शेवट म्हणजे कळस आहे, बाई!" शिलाईवाल्या काकूंनी तर मला पिशवीतून बाहेरही काढलं नव्हतं. त्यांच्या म्हणे अंगावर काटा आला! एकाने जरी खरं बघितलं असतं, तर पुढचा प्रसंग टळला असता.

एक दिवस एक म्हातारे गृहस्थ दुकानात आले. एका डोळ्याने दिसत नव्हतं आणि दुसऱ्याबद्दल डॉक्टर काही धड बोलत नव्हते. बाईंनी त्यांना अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवलं, काचा बदलून बघितल्या आणि सवयीप्रमाणे मला पुढे केलं.

"हा बघाच, काका. होडीवाल्या बाईची गोष्ट आहे."

काकांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. "हा तुमच्याकडे कसा?"

"का? बघितलाय तुम्ही? शेवट काय आहे ना त्याचा!"

"त्या शेवटानेच तो पडला."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतोय. मीच केलाय तो सिनेमा."

बाईंच्या हातातून काचांची पेटी पडायचीच राहिली. काका बोलायला लागले ते थांबेनात. भाऊ धावत येतो, बहिणीला मिठी मारतो, असा शेवट कर म्हणून निर्माता हातापाया पडला होता. काकांनी ऐकलं नाही. सिनेमा पडला आणि पुन्हा कुणी त्यांना दारात उभं केलं नाही. मूळ प्रती भंगारात गेल्या. सगळी हयात त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवून काढली.

"मला एकदा माणसांत बसून तो शेवट बघायचाय," ते म्हणाले. "चुकलो असेन तर चुकलो. डोळा आहे तोवर कळू दे."

"येत्या सुट्टीला, दुपारी, इथेच," बाई म्हणाल्या. "माझी सगळी माणसं बोलावते. सगळ्यांना शेवट तोंडपाठ आहे!"

ओरडून सांगावंसं वाटलं, पण आमच्या जातीला यंत्रात घातल्याशिवाय तोंड नाही. सुट्टीचा दिवस येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता.

त्या दुपारी अर्धं शटर खाली ओढलं, टीव्ही काउंटरवर चढवला. बहीण, औषधवाला, शिलाईवाल्या काकू पुढे बसले. तिघंही एकमेकांची नजर चुकवत होते. काका मुद्दाम कडेला बसले, कारण त्यांना टीव्हीपेक्षा लोकांची तोंडं बघायची होती. मी फिरायला लागले. मनात म्हणत होते, फीत अडकू दे, गुंता होऊ दे, वीज जाऊ दे. कशाचं काय! औषधवाल्याने स्पिरिट लावून यंत्र इतकं लख्ख पुसलं होतं, की मी लोण्यासारखी सरकत होते.

भाऊ पुलाचा शेवटचा खांब उभा करतो तिथे काकू पुटपुटल्या, "मेल्या, सख्खी बहीण आहे रे तुझी!" औषधवाला खुर्चीच्या टोकावर आला होता. काका सगळ्यांकडे बघत होते, श्वास रोखून. नदीवर धुकं आलं. बाई हळूच म्हणाल्या, "आता बघा हं, काका."

आणि मी किंचाळले, "गोऽऽल!"

हिरवंगार मैदान, शिट्ट्या, आरडाओरडा. बाईंनी मला पुढे पळवलं, आणखी पुढे पळवलं. सामना संपेचना. शेवटी त्यांनी यंत्र बंद केलं आणि वळल्या.

"तू तर ढसाढसा रडली होतीस ना गं?"

"ताई, ते... मी..." बहीण पुटपुटली. औषधवाला चपलांकडे बघत बसला. काकूंनी तोंडाला पदर लावला.

"म्हणजे कुणीच बघितला नव्हता? इतक्या वर्षांत एकानेसुद्धा?"

बाईंनी मला बाहेर काढलं. त्यांचा अंगठा माझ्या कडेच्या चिकटपट्टीवर थांबला. तिचं टोक आत दुमडलेलं होतं, पुढच्या वेळी नखाने पटकन उचलता यावं म्हणून. पट्टी अशी दुमडायची सवय घरात एकाच माणसाला होती. "हे ह्यांनी केलंय," त्या अगदी हळू म्हणाल्या आणि मला दोन्ही हातांत घट्ट धरून उभ्या राहिल्या.

काकांनी काठी उचलली. "जाऊ द्या. माझ्या नशिबातच नव्हतं."

"बसा, काका." बाईंचा आवाज बदलला होता. "खाली बसा म्हणते ना! फीत पुसली असेल, मी जिवंत आहे."

आणि त्या सांगायला लागल्या. धुकं कसं विरतं. पूल माणसांनी कसा फुलून जातो. भाऊ कठड्याशी उभा राहतो, पण हाक मारायला त्याचं तोंड उघडत नाही. ती रिकाम्या होडीत एकटीच बसून निघते. कुणी बोलत नाही, फक्त वल्ह्याचा आवाज. धाकट्या बहिणीने कधी आमच्या बाईंचा हात धरला ते तिलाही कळलं नसेल. काकू खरोखर रडत होत्या.

"...आणि नदीच्या मधोमध ती वल्हं थांबवते आणि वळून पुलाकडे बघते. एकदाच."

"नाही बघत," काका म्हणाले.

"बघते!"

"अहो, मी केलाय तो सिनेमा!"

"आणि मी बघितलाय! मन भरेपर्यंत बघितलाय!"

"वळून बघितलं तर सगळंच संपलं की! तिच्याकडे मग राहिलं काय?"

"आणि नाही बघितलं तर ती दगड झाली. ती दगड नाहीये, काका!"

"ताईचं बरोबर आहे," बहीण म्हणाली. औषधवाला उसळला, "मुळीच नाही! भावाने हाक तरी मारली का? मग ती कशाला बघेल?" काकू दोघांवर ओरडल्या. भर दुपारी दुकानात नुसता कल्ला! काका आधी हसले आणि मग तसेच हसता हसता रडायला लागले.

"चुकलो नव्हतो," ते म्हणाले. "भांडताय तुम्ही त्याच्यावरून. चुकलो नव्हतो मी."

आता मी पुन्हा गावात फिरते. बाई देताना बजावतात, "यात शेवट नाही. सगळा बघा आणि शेवट ऐकायला परत या." माणसं खरंच बघून येतात, कारण आता थाप पचत नाही. काकांना हल्ली जवळजवळ दिसतच नाही, तरी ते तक्त्याशेजारच्या स्टुलावर बसतात आणि येईल त्याच्याशी वाद घालतात. चिकटपट्टी मात्र बाईंनी काढलेली नाही.

तुम्हीही विचाराल, ती वळून बघते की नाही? ते सांगू शकणारी जगात मी एकटीच होते. पण खरं सांगते, मला आठवत नाही. त्या जागी माझ्यात नुसता गोंगाट आहे. म्हणून हात जोडून सांगते, तुमच्या घरी माझी एखादी बहीण धूळ खात पडली असेल तर तिला आजच लावा, आणि शेवटपर्यंत बघा. तिच्यात काय उरलंय हे तिला स्वतःला सांगता येत नाही.