साडूंची गॅलरी

साडूंचं घर माझ्या डोळ्यांत खुपायला लागलं ते पायाच्या खड्ड्यापासून. एक वीट चढली नव्हती, पण तो नुसता खड्डासुद्धा आमच्या दोन खोल्यांपेक्षा मोठा होता. मी बांधकाम निरीक्षक. कुणाची भिंत ओळंब्यात नाही, कुणाचा जिना अरुंद आहे, हे लोकांना सांगण्यात एकवीस वर्षं गेली, पण स्वतःचं म्हणावं असं घर काही झालं नाही. आणि हा माणूस, माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, प्लास्टिकच्या बादल्या विकून दुमजली घर बांधत होता!

नातेवाइकाचं बांधकाम आम्ही तपासायचं नसतं. मी मात्र ती फाइल मागून घेतली. वरिष्ठांनी विचारलं, "नात्यातलं आहे का हो?"

"लांबचं आहे," मी म्हणालो. साडू म्हणजे काही रक्ताचं नातं नव्हे, अशी मनाची समजूत घातली. खरं सांगायचं तर मला त्या घरात खोट काढायची होती. एकच, पण सगळ्या सासरवाडीला कळेल अशी.

खोट काही सापडेना. कॉन्ट्रॅक्टर बापडा सरळ माणूस होता. पण म्हणून मी सोडतोय होय? पायाच्या खड्ड्यात उतरून सळ्या मोजल्या. दोन सळ्यांमधलं अंतर बोटभर जास्त भरलं, तर सगळ्या सोडवून पुन्हा बांधायला लावल्या. वाळूत माती दिसली म्हणून अख्खी गाडी परत पाठवली. एक खांब ठोकल्यावर पोकळ वाजला, तो फोडायला लावला. साडू दर वेळी हात जोडून उभे. "साडूभाऊ, तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे बघा."

ऐकून अंगाचा तिळपापड व्हायचा. मी नावं ठेवायला जायचो आणि ते घर आपलं आणखी पक्कं होऊन बसायचं. घरी आलो की बायकोचं सुरू. "धाकटीच्या स्वयंपाकघराला दोन खिडक्या आहेत म्हणे?"

"आहेत. मीच मोजल्यात," मी म्हणायचो. मग पुढचा घास उतरायचा नाही.

वरच्या मजल्याचा स्लॅब ओतायचा होता, त्या दिवशीची गोष्ट. पुढे गॅलरी होती, भिंतीतून बाहेर निघालेली, खाली खांब नाही. अशा गॅलरीचा सगळा भार वरच्या अंगाच्या सळ्या पेलतात. काँक्रीट ओतण्याआधी कुणी त्या सळ्यांवर नाचलं, त्या दबून तळाला गेल्या, की गॅलरी असून नसल्यासारखी. म्हणून तपासणाऱ्याने शिडी चढून, वाकून, हाताने चाचपून बघायचं असतं. शिकाऊ पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो.

मी स्कूटर लावली आणि वर पाहिलं. गॅलरीच्या टोकाला माझी बायको उभी होती. सकाळीच बहिणीकडे आली होती. मेहुणी काहीतरी विचारत होती आणि बायको हातवारे करून सांगत होती, आणि दोघी हसत होत्या. बायको तर पोट धरून हसत होती. आमच्या दोन खोल्यांत ती अशी शेवटची कधी हसली, मला आठवेना. परक्याच्या घरात, अर्धवट छतावर, तिला एवढा आनंद कसला झाला होता? इतका हेवा मला त्या दिवसापर्यंत कुणाचा वाटला नव्हता. साडूंचा नाही, त्या घराचा.

समोर शिडी होती. मी चढलो नाही. स्कूटरच्या सीटवर फॉर्म ठेवला, 'प्रत्यक्ष वर जाऊन सळ्या पाहिल्या' यापुढे 'होय' लिहिलं आणि सही ठोकली.

"साहेब, वर येत नाही?" कॉन्ट्रॅक्टरने विचारलं.

"तुमचं काम काय बघायचं? चोखच असणार!" मी टोमणा मारला होता. त्याला ती शाबासकी वाटली. गडी एकदम खूश झाला.

दोन वर्षांनी ती गॅलरी भिंतीपाशी फाटली आणि पुढचं टोक हातभर खाली लोंबलं. सासूबाई तिथंच बसल्या होत्या, नुकत्याच उठून आत गेल्या होत्या म्हणून वाचल्या. फोडून बघितलं तर सगळ्या सळ्या तळाला.

ऑफिसात चौकशी लागली. टेबलापलीकडे वरिष्ठ, अलीकडे साडू, कॉन्ट्रॅक्टर आणि मी. साडू माझ्याकडे वळले. "साडूभाऊ, सळ्या तुम्ही स्वतः पाहिल्या होत्या ना? तेवढं सांगा. म्हणजे यांनीच नंतर घोळ घातला हे उघड होईल."

मी नुसतं 'हो' म्हटलं असतं तर माझी नोकरी शाबूत होती आणि कॉन्ट्रॅक्टरचा परवाना गेला होता. माझ्या सहीपुढे त्याचा शब्द कोण धरतो?

तो खाली बघूनच बोलला. "साहेब त्या दिवशी वर आले नव्हते. पण चूक माझीही आहे. साहेब सळी न् सळी बारीक बघायचे. ते चोख म्हणाले, म्हणून मग मीही वर गेलो नाही."

त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर मी बेधडक खोटं बोललो असतो. पण तो माझ्या नजरेचं कौतुक करत होता, आणि ते ऐकवेना.

"नव्हतो गेलो मी वर," मी म्हणालो. "सही खालूनच केली."

"का?" वरिष्ठांनी विचारलं.

"मला ते घर बघवत नव्हतं."

मग साडू हळूच म्हणाले, "आणि मी समजत होतो, माझ्यासाठी जीव तोडताय." ते उठून बाहेर गेले. मी निलंबित झालो. कॉन्ट्रॅक्टरचा परवाना राहिला, पण गॅलरी त्याने स्वखर्चाने बांधून द्यायची ठरली.

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मी सगळं सांगितलं, तिच्या हसण्यासकट. तिने हातातली चादर खाली ठेवली.

"मी कशाला हसत होते, माहितेय?" ती म्हणाली. "तुमची नक्कल करत होते. धाकटीने विचारलं, अगं, इथं उभं राहिलं तर चालतं का? मी म्हटलं, थांब, आता आमचे हे येतील, आपल्याला सळ्यांवर बघतील आणि असं झाडतील की शिडीवरून उडी मारून पळशील. यांच्या नजरेतून सुई सुटत नाही, म्हटलं. लई ऐटीत सांगितलं मी तिला."

मी ती चादर उचलून उगाच घडी घालू लागलो.

"तुम्ही वर बघितलंत. मला वाटलं, आता ओरडणार," ती म्हणाली. "पण तुम्ही सही करून निघून गेलात. म्हणजे चालतं, असं समजून आम्ही तिथंच हिंडत राहिलो, पार काँक्रीट येईपर्यंत."